एक प्रबंध, दोन विद्यापीठे : संयुक्त डॉक्टरेटविषयी

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेत. पऱ्हाटीवरचे एक मिटलेले फूल आणि ते अलगद उघडणारी बोटे.)

कपाशीचे फूल पूर्ण उमलण्याऐवजी गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिले, की विदर्भातला शेतकरी त्याला डोमकळी म्हणतो आणि आत गुलाबी बोंडअळी बसली आहे हे ओळखतो. ही अळी बोंडात शिरली की बाहेरून फारसे काही दिसत नाही. वेचणीच्या वेळी मात्र कवडी, म्हणजे नीट न फुटलेला डागाळलेला कापूस आणि पोखरलेली सरकी हाती येते. बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणारे जीवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले, आणि काही वर्षांतच या अळीने त्या दोन्ही जनुकांच्या प्रथिनांना दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची जबर किंमत मोजली. हीच अळी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातही होती आणि तिथेही बीटी कपाशीच पेरली जात होती. त्या देशाने मात्र २०१८ साली आपल्या कापूस पट्ट्यातून ही कीड नाहीशी झाल्याचे जाहीर केले.

कीड एक, तंत्र एक, आणि निकाल मात्र दोन टोकांचे. ॲरिझोनात बीटी कपाशीच्या जोडीला याच अळीचे वांझ केलेले पतंग विमानातून सोडण्यात आले, नर पतंगांची दिशाभूल करणाऱ्या कामगंधाचा वापर झाला आणि हंगाम संपताच पीक मोडून जमिनीत गाडण्याची शिस्त पाळली गेली. आपल्याकडे बहुतेक सगळी पेरणी संकरित आणि बऱ्याचदा लांब मुदतीच्या वाणांची होते, आणि थोड्याफार ओलिताची सोय असलेला शेतकरी फरदड घेतो, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच पऱ्हाटी पाणी देऊन राखतो, त्यामुळे अळीला खाणे मिळत राहते. ‘फरदड घेऊ नका’ असे सांगणे सोपे आहे. पण पहिल्या वेचणीचा पैसा कृषी केंद्राच्या उधारीत गेलेला असताना उरलेल्या बोंडांवर नांगर फिरवणे किती अवघड असते, हे त्या घरात राहिलेल्यालाच कळते. म्हणून हा प्रश्न जितका कीटकशास्त्राचा आहे, तितकाच शेतीच्या अर्थकारणाचाही आहे. केवळ ॲरिझोनात बसून तो सुटत नाही आणि केवळ यवतमाळात बसूनही त्याची एकच बाजू दिसते. दोन देशांतील दोन विद्यापीठांनी मिळून एका संशोधकाला घडवावे, या व्यवस्थेचा खरा उपयोग अशाच प्रश्नांसाठी आहे. या व्यवस्थेला संयुक्त डॉक्टरेट म्हणतात.

(दृश्य : विद्यापीठाच्या ग्रंथालयात रांगेने लावलेले जुने प्रबंध.)

परदेशी जाऊन डॉक्टरेट मिळवणे विदर्भाला नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी १८९८ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव देशमुख ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. विदर्भातल्या गावोगावच्या अभ्यासिकांत ज्यांचे छायाचित्र लावलेले असते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर दोन देशांतून दोन सर्वोच्च पदव्या मिळवल्या. लंडनची डी.एस्सी. १९२३ साली आणि अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. १९२७ साली. मात्र त्यांचे दोन प्रबंध स्वतंत्र होते. एक रुपयाच्या प्रश्नावर होता, दुसरा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. संयुक्त डॉक्टरेटमध्ये प्रबंध एकच असतो, विद्यार्थीही एकच असतो, पण त्याला दोन्ही विद्यापीठांत मार्गदर्शक असतो आणि पदवीवर दोन्ही विद्यापीठांची मोहोर उमटते.

या पद्धतीला पक्की कायदेशीर चौकट देण्यात फ्रान्सचा वाटा मोठा आहे. तिथे १९९४ सालच्या शासकीय आदेशाने ‘कोत्युतेल’ नावाची, म्हणजे एका प्रबंधावर दोन विद्यापीठांच्या समान देखरेखीची पद्धत सुरू झाली. पुढे युरोपीय संघाने इरास्मुस मुंडुस आणि मारी क्युरी या योजनांतून अशा पदव्यांना पैसा पुरवला. भारतात मुंबईच्या पवई भागात, आयआयटीच्या आवारात, २००८ साली आयआयटी बॉम्बे आणि ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठ यांची संयुक्त संशोधन अकादमी उभी राहिली. तिथल्या विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांतील मार्गदर्शक मिळतात आणि तो संशोधनाचा काही काळ ऑस्ट्रेलियात घालवतो. इतर विद्यापीठांसाठी नियमांची स्पष्टता यायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांबरोबरच्या संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे विनियम प्रसिद्ध केले.

या विनियमांनुसार डॉक्टरेटच्या संयुक्त पदवीसाठी दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक असावा लागतो, विद्यार्थ्याने प्रत्येक विद्यापीठात किमान एक सत्र घालवावे लागते, आणि दोन्ही विद्यापीठांनी आधीच ठरवलेल्या पद्धतीने तपासला जाणारा एकच प्रबंध सादर करावा लागतो. अशी पदवी भारतीय विद्यापीठाच्या नेहमीच्या पदवीच्या तोडीची मानली जाते आणि तिच्यासाठी वेगळे समकक्षता प्रमाणपत्र आणण्याची गरज पडत नाही. प्राध्यापकाच्या जागेसाठी कागदपत्रांची फाईल घेऊन संस्थांचे उंबरे झिजवणाऱ्या उमेदवाराला या शेवटच्या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

(दृश्य : तालुक्याच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा. एक तरुणी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली, शेजारी नमुन्यांच्या बाटल्या.)

या पदवीचा सर्वांत मोठा लाभ परदेश पाहायला मिळणे हा आहे, असे अनेकांना वाटते. माझ्या मते तो लाभ दुय्यम आहे. विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या करारात इथला मार्गदर्शक तिथल्या मार्गदर्शकाच्या बरोबरीने सही करतो. आपला भाग जगाच्या संशोधनाला साहित्य पुरवत आलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसॉल्ट खडकात उल्काघाताने तयार झालेले विवर असल्याने चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांचे त्याच्याकडे दशकानुदशके लक्ष आहे. अमेरिकन आणि भारतीय भूवैज्ञानिकांचा त्यावरील शोधनिबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने आर्गॉन समस्थानिकांच्या मोजणीवरून विवराचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरवले. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या गावांतील सिकलसेल या रक्तविकाराचे रुग्ण, संत्र्याच्या बागांवरचे रोग आणि काळ्या मातीचे गुणधर्म हेदेखील असेच अभ्यासाचे विषय आहेत. अशा कामात स्थानिक तरुण बहुधा नमुने गोळा करतो, दुभाष्याचे काम करतो आणि शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत पोहोचतो. संयुक्त डॉक्टरेट त्याला प्रश्न ठरवणाऱ्याच्या जागी बसवू शकते. हे संशोधन आपल्या गावाविषयी असेल, तर ती जागा त्याचा हक्क आहे.

गावात राहून जागतिक दर्जाचे संशोधन होते, याचा पुरावा आपल्या समोरच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याच्या पद्धतीवरील त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांची पदवी संयुक्त नव्हती. पण पद्धत जगाची आणि प्रश्न गावाचा, हा मेळ त्यांनी घालून दाखवला.

(दृश्य : टेबलावर कराराची अनेक पानी प्रत. एकेका कलमाखाली पेन्सिलीने ओढलेली रेघ.)

संयुक्त डॉक्टरेट टिकते किंवा मोडते ती कराराच्या कागदावर, आणि हा कागद काम सुरू होण्यापूर्वी वाचायचा असतो. आपल्याकडचा विद्यार्थी पेट ही प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा आणि तो मंजूर करणाऱ्या आरआरसी या समितीची बैठक या क्रमाने पुढे सरकतो. मौखिक परीक्षा झाल्याशिवाय त्याला पदवी मिळत नाही. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत मात्र बराच काळ केवळ बाहेरच्या परीक्षकांच्या लेखी अहवालावर पदवी दिली जात असे. फ्रान्समध्ये जाहीर मौखिक परीक्षेला फार महत्त्व आहे, आणि संयुक्त देखरेखीखालील प्रबंधासाठी ती एकदाच होते. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा अनेकदा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. आपल्याकडे तो शिष्यवृत्तीवर असतो, आणि ती शिष्यवृत्ती वेळेवर येईलच असे नाही. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार किमान मुदत तीन वर्षांची आणि कमाल सहा वर्षांची आहे, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा आहे; परदेशी विद्यापीठाची मुदत याहून कमी असली, तर कोणाचे घड्याळ चालणार, हे लिहून ठेवावे लागते.

शुल्क एकाच ठिकाणी भरायचे की दोन्हीकडे, परदेशातील मुक्कामाचा, विम्याचा आणि विमानप्रवासाचा खर्च कोण करणार, शोधातून पेटंट निघाले तर त्यावर मालकी कोणाची, आणि दोन मार्गदर्शकांचे पटले नाही तर विद्यार्थ्याचे काय, या प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र कलम हवे. शेवटचा प्रश्न विचारायला विद्यार्थी कचरतो, कारण गाईडसमोर असे बोलणे उद्धटपणाचे वाटते. तरीही तो विचारला पाहिजे. महाज्योती, बार्टी किंवा सारथी या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती घेणाऱ्याने परदेशातील सत्रात ती चालू राहील की थांबेल, याचे उत्तर लेखी घ्यावे. ज्या घरात वडिलांच्या नावावर तीन एकर जमीन आणि पीककर्ज आहे, तिथल्या मुलीला सहा महिन्यांसाठी केवळ तोंडी आश्वासनावर दुसऱ्या देशात पाठवणे योग्य नाही.

नमुन्यांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो अनेकदा उशिरा लक्षात येतो. लोणारचे पाणी २०२० साली गुलाबी झाले, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. असे सूक्ष्मजीव, बियाणे किंवा कीटक परदेशी संस्थेला संशोधनासाठी द्यायचे असतील, तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो आणि त्यासाठीचे राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईला आहे. रुग्णांच्या रक्ताचे नमुने असतील, तर नैतिक समितीची आणि आरोग्य संशोधनासाठी ठरलेली केंद्र शासनाची मान्यता लागते. ही प्रक्रिया पहिल्याच वर्षी सुरू केली नाही, तर परदेशातल्या सत्रात संशोधक पोहोचतो आणि त्याचे नमुने इथेच राहतात.

(दृश्य : एसटीच्या थांब्यावरील भिंत. त्यावर चिकटवलेली शिक्षणसंस्थांची रंगीत पत्रके.)

आता अडथळ्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आयोगाच्या विनियमांनुसार नॅक या मूल्यांकन संस्थेचे चारपैकी किमान ३.०१ गुण असलेली, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभर विद्यापीठांत असलेली, किंवा उत्कृष्ट संस्थेचा दर्जा मिळालेली भारतीय संस्थाच असा करार करू शकते. समोरचे विद्यापीठ टाइम्स किंवा क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असेल, तर आयोगाच्या वेगळ्या मंजुरीची गरज राहत नाही. दर्जाची अट असावी, हे मान्य आहे. फसवणूक रोखण्यासाठी ती आवश्यकही आहे. परंतु गुणांच्या या रेषेखाली राहिलेल्या विद्यापीठातील विद्यार्थ्याची गुणवत्ता त्यामुळे कमी ठरत नाही, आणि नेमक्या त्याच विद्यापीठांच्या अवतीभोवती कोरडवाहू शेतीचे, जंगलाचे आणि आरोग्याचे अभ्यासण्याजोगे प्रश्न पसरलेले आहेत. विद्यापीठाला गुण कमी पडले म्हणून त्या परिसरातील मुलांसाठी दार बंद व्हावे, हे मला न्याय्य वाटत नाही. आपले विद्यापीठ या रेषेच्या वर आहे की खाली, हे नोंदणीपूर्वी विचारणे आज तरी विद्यार्थ्याच्याच हाती आहे.

दार बंद असेल, तर शेजारच्या वाटा आहेत. पदवी आपल्याच विद्यापीठाची, पण संशोधनाचा काही काळ परदेशात, अशी ‘सँडविच’ पद्धत आहे. फ्रान्ससाठी रामन-शार्पाक अधिछात्रवृत्ती, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, ब्रिटनसाठी राष्ट्रकुल विभागित (स्प्लिट-साइट) शिष्यवृत्ती आणि जर्मनीसाठी डाड या संस्थेच्या द्विराष्ट्रीय मार्गदर्शनाच्या योजना अशा कामासाठी आहेत. त्यांत दुसऱ्या विद्यापीठाची मोहोर मिळेलच असे नाही, पण दुसऱ्या मार्गदर्शकाचा सहवास आणि प्रयोगशाळा मिळते. भिंतीवरच्या किंवा मोबाइलवरच्या जाहिरातींतून घरबसल्या परदेशी पीएच.डी. देऊ करणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांमार्फत परदेशी संस्थांच्या नावाने चालणाऱ्या ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाहीत, असा इशारा विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षणाचे नियमन करणारी एआयसीटीई यांनी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दिलेला आहे.

(दृश्य : ग्रामपंचायतीचे सभागृह. सतरंजीवर बसलेले स्त्री-पुरुष, हातात छापील पाने.)

फ्रान्सच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, जी आपण जशीच्या तशी उचलावी. संयुक्त देखरेखीखालील प्रबंध फ्रेंचमध्ये लिहिलेला नसेल, तर त्याला फ्रेंच भाषेतील विस्तृत सारांश जोडावा लागतो. विदर्भातील गावांवर, पिकांवर किंवा रुग्णांवर इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक संयुक्त प्रबंधाला असाच मराठी सारांश जोडला जावा, आणि गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या गावांत तो त्या भाषेत वाचून दाखवला जावा. ज्यांच्या बांधावर, घरात आणि शरीरावर हा अभ्यास झाला, त्यांना तो ऐकून शंका विचारता याव्यात, निष्कर्ष चुकीचा वाटला तर तसे सांगता यावे, आणि त्यांचे म्हणणे प्रबंधाच्या परिशिष्टात नोंदले जावे. दोन विद्यापीठे करार लिहायला बसतील, तेव्हा इथल्या मार्गदर्शकाने हे कलम मांडावे, आणि सारांशाच्या छपाईचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरून ठेवावा.