द्राक्षाच्या पेटीचा धूर कुठवर मोजायचा?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात गंगेवरचा, म्हणजे आपल्या गोदावरीवरचा, वारा सोडून तुम्ही या हॉलमध्ये येऊन बसलात, तेही पत्रिकेवर 'आदान-प्रदान सारणी' असलं भारदस्त नाव वाचून, म्हणजे कमालच आहे. आपण सरळ इनपुट-आउटपुट टेबल म्हणू.

पिंपळगावकडचा माझा एक मित्र द्राक्ष एक्स्पोर्ट करतो. मागच्या सीझनला युरोपातल्या पार्टीने त्याला विचारलं, तुमच्या एक किलो द्राक्षामागे कार्बन किती? गड्याने मोटारीचं लाइट बिल घेतलं, ट्रॅक्टरचं डिझेल घेतलं, प्रीकूलिंगची, म्हणजे तोडलेला माल थंड करायची, वीज धरली, बेरीज केली आणि झालं म्हणाला. मी म्हटलं, अरे आणि पेटी? पुठ्ठ्याची पेटी पेपर मिलमधून आली, मिलला कोळसा लागला, कोळसा रेल्वेने आला, रेल्वेला रूळ लागतात, रुळाला पोलाद, पोलादाला परत वीज अन् परत कोळसाच. तो वैतागला. "भाऊ, मग थांबायचं कुठं ते सांग ना!"

त्याने जो विचारला तोच या विषयातला खरा प्रश्न आहे, बाकी सगळं गणित. वस्तू जन्मल्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत पर्यावरणाला किती भार पडला हे मोजायचं, त्याला लाइफ सायकल असेसमेंट म्हणतात, आयएसओ 14040 हे त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड. नेहमीच्या पद्धतीत एकेक प्रक्रिया मोजत मागे मागे जायचं आणि दमलात की रेष मारायची, याच्या पलीकडचं धरलं नाही म्हणून. पण रेषेपलीकडच्या बारीकसारीक गोष्टी एकेकट्या किरकोळ वाटल्या तरी सगळ्या मिळून किती होतात ते कोण बघणार?

आता इथे येतो लिओन्तिएफ. वासिली लिओन्तिएफ, रशियातून अमेरिकेत गेलेला अर्थशास्त्रज्ञ, 1973 चं नोबेल. याने काय केलं, तर अख्ख्या देशाची खतावणीच मांडली, म्हणजे कुठल्या उद्योगाने कुठल्या उद्योगाकडून किती रुपयांचा (त्याच्याकडे डॉलरचा) माल घेतला त्याचा एक मोठा चौकोनी तक्ता. अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचे 500 भाग पाडले होते पण 1949 मधल्या कॉम्प्युटरला ते झेपेना, म्हणून 42 वर आणून सोडवलं. आणि मग 1970 मध्ये त्याच तक्त्याला त्याने प्रदूषण जोडलं.

गणित घाबरण्यासारखं नाहीये. समजा दोनच धंदे आहेत, पोलाद आणि वीज. रुपयाच्या पोलादाला 20 पैशांची वीज लागते आणि रुपयाच्या विजेला, बॉयलरच्या नळ्या बदलणं वगैरे दुरुस्तीपायी, 5 पैशांचं पोलाद. आकडे माझेच, मनाचे. मला हवंय 100 रुपयांचं पोलाद. त्याला 20 रुपयांची वीज. त्या विजेला 1 रुपयाचं पोलाद. त्या पोलादाला 20 पैशांची वीज, तिला 1 पैशाचं पोलाद, आणि पुढे आकडा इतका आटतो की बघायलाच नको. बेरीज करा, पोलाद 101 रुपये 1 पैसा, वीज 20 रुपये 20 पैसे. फेरा संपत नाही पण बेरीज संपते! हेच आकडे चौकोनी तक्त्यात मांडले, गणितात त्याला मॅट्रिक्स म्हणतात, आणि ती मॅट्रिक्स उलटी केली की हे एका झटक्यात येतं, आणि मग प्रत्येक धंद्याचा रुपयामागचा धूर माहीत असला की नुसता गुणाकार. कुठे थांबायचं हा प्रश्नच उरत नाही, निदान कारखान्याच्या गेटपर्यंत तरी.

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी, लेस्टर लेव्ह, ख्रिस हेंड्रिक्सन वगैरे, 1990 च्या दशकात यावरून जवळपास 500 सेक्टरचं, म्हणजे उद्योगांच्या कप्प्यांचं, मॉडेल उभं केलं आणि इंटरनेटवर टाकलं. त्याच गटातले सतीश जोशी, हो, आडनाव ऐकून कान टवकारले ना, त्यांनी ही पद्धत एकेका वस्तूला कशी लावायची त्यावर लिहिलंय. आपल्याकडेही 1968-69 पासूनचे तक्ते आहेत, 2007-08 चा 130 सेक्टरचा.

पण माझी खरी भांडणं इथून पुढे सुरू होतात. एक तर हे सगळं रुपयात. आमच्या मित्राला एका आठवड्यात किलोला 30 रुपये मिळाले आणि दुसऱ्या आठवड्यात 60, तर तक्ता म्हणणार धूर दुप्पट झाला, बाग तीच, फवारणी तीच! दुसरं, सरासरी. फळांचा एकच कप्पा असेल तर निफाडचं ठिबकवरचं द्राक्ष आणि कोकणातला आंबा एकाच ताटात, आणि पाण्याच्या हिशोबात तर हा घोटाळा कार्बनपेक्षाही वाईट. शिवाय तक्ता छापून येईपर्यंत काही वर्षं उलटलेली असतात, आणि माल गेटबाहेर पडल्यावर वापरात आणि कचऱ्यात काय होतं ते त्यात नाहीच.

म्हणून मी तरी एकेक प्रक्रिया मोजणं आणि तक्ता, या दोन्हीची मिसळ करतो. (नाशिककराला मिसळ समजावून सांगायला नको.) बागेत जे घडतं, म्हणजे उन्हाळ्यातल्या खरड छाटणीपासून फळासाठीची गोडी छाटणी आणि तोडणीपर्यंतचं पाणी, डिझेल, वीज, ते स्वतः लिटर आणि युनिटमध्ये मोजा, तिथे सरासरी चालायची नाही. पेटी, पाऊच, औषधं, खतं जी विकत आणलीत त्यांची बिलं घ्या आणि ती तक्त्याच्या हवाली करा, मात्र तक्त्याच्या वर्षाच्या भावात आणून, आणि दुकानदाराचा नफा, गाडीभाडं बाजूला काढून. नाहीतर महागाईचाही धूर निघतो.

मित्राने हे सगळं केलं. अडलं कुठं तर वेल चढवायच्या मांडवाच्या तारेवर. बारा वर्षांपूर्वी घातलेली तार आणि अँगल, यंदाच्या बिलात कुठेच नाही. तक्त्याचीही नेमकी तीच खोड आहे, यंत्रसामग्री, बांधकाम अशी भांडवली खरेदी तो कच्च्या मालात धरत नाही, वेगळ्या रकान्यात टाकतो, तेव्हा ती आपल्याला हाताने घालावी लागते, बाग किती वर्षं टिकणार त्याने भागून. मी म्हटलं तारेचं बिल शोध. वहिनी म्हणाल्या, तेव्हाच्या वह्या माळ्यावर आहेत, उंदरांनी काही ठेवलं असेल तर.