न सुटलेली गोळी

(दृश्य: लांब टेबल. त्यावर रिकामी पिस्तुलं, स्लाइड, म्हणजे वरचे सरकते भाग, मागे अडकवलेल्या. पार्श्वसंगीत नाही.)

पहिले दोन तास एकही गोळी सुटली नाही.

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल वापरायला शिकायचं म्हणून आम्ही आठ जण आलो होतो. आणि प्रशिक्षक आमच्याकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेत होत्या. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, बाहेर काढा. स्लाइड मागे ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, डोकावा. मग बोट घालून चाचपा. आता पिस्तूल शेजाऱ्याच्या हातात द्या. शेजाऱ्यानं काय करायचं? हेच सगळं, पहिल्यापासून. तुम्ही तपासताना त्यानं पाहिलं असलं, तरीही.

क्रम महत्त्वाचा. आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलट केलं, तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत ढकलते. माणूस समजतो, पिस्तूल रिकामं झालं. ते भरलेलं असतं.

(दृश्य: फळ्यावर खडूनं लिहिलेले चार नियम.)

हे चार नियम आज जगभरच्या नेमबाजीच्या रेंजवर शिकवले जातात. त्यांची मांडणी केली जेफ कूपर यांनी. अमेरिकन मरीन दलातले हे माजी अधिकारी. १९७६ साली त्यांनी ॲरिझोनात पिस्तूल शिकवणारी शाळा काढली, आणि आधुनिक प्रशिक्षणाचा बराचसा पाया तिथे घातला गेला. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजा. जे नष्ट करायची तुमची तयारी नाही, त्यावर नळी रोखू नका. साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे ओळखा.

मला यातली रचना फार आवडली. हातून एक नियम सुटला, तर उरलेले तिघे सांभाळून घेतात. कुणाला इजा व्हायची, तर सहसा दोन नियम एकाच वेळी मोडावे लागतात.

(दृश्य: रेंज. कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मे.)

पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. एवढा आवाज एकदाच झाला, तरी कानाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आत बोळे, वर मफ.

उभं कसं राहायचं, यात फार वेळ गेला नाही. पाय खांद्यांएवढे फाकलेले, गुडघे सैल, अंग किंचित पुढे, दोन्ही हातांची पकड घट्ट. नजरेला मात्र वेळ लागला. मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य, तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. डोळ्याचं भिंगच तसं आहे. मग कशावर नजर ठेवायची? पुढच्या साइटवर. लक्ष्य धूसर झालं तरी चालेल. दोन साइट्समधलं अंतर १५ सेंटिमीटर धरा. पुढची साइट फक्त १ मिलिमीटर सरकली, की ७ मीटरवर गोळी जवळजवळ पाच सेंटिमीटर बाजूला जाते.

तरीही माझ्या गोळ्या सतत खालीच लागत होत्या. साइट्स जागेवर होत्या. मग चूक कुठे होती?

प्रशिक्षकांनी माझं मॅगझिन मागून घेतलं, माझ्याकडे पाठ करून भरलं आणि परत दिलं. खऱ्या काडतुसांमध्ये दोन-तीन डमी, म्हणजे न उडणारी, मिसळलेली. कुठली, ते मला ठाऊक नाही. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्यांदा चाप ओढला, नुसताच ‘टक्’ असा आवाज आला, आणि पिस्तुलाची नळी दोन बोटं खाली गेली.

(दृश्य: तोच क्षण, संथ गतीत. मग पुन्हा एकदा.)

धक्का बसलाच नव्हता. तो बसणार, या अपेक्षेनंच माझे हात खाली दाबले गेले होते. दर वेळी हेच होत होतं. स्फोटाच्या आवाजात ते दडून जायचं. गोळी नळीबाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. म्हणजे धक्का हाताला नीट जाणवेपर्यंत गोळी निघून गेलेली असते. बिघडवतं ते त्याच्या आधीचं दचकणं.

हे भित्रेपण नव्हे. मोठ्या आवाजापुढे शरीर स्वतःला वाचवतं, सगळ्यांचंच. ते कमी करायला खूप गोळ्या झाडाव्या लागतात असंही नाही. रिकाम्या पिस्तुलावर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, सुरक्षित दिशेला नळी धरून हळूहळू चाप ओढायचा. पुढची साइट हलता कामा नये. याला ड्राय फायर म्हणतात. माझ्या मते खरा अभ्यासक्रम हाच. रेंजवर त्याची फक्त परीक्षा होते.

दुपारी होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायची म्यान. पिस्तूल बाहेर काढण्याचा वेग सगळ्यांनाच हवा होता. प्रशिक्षकांचं लक्ष ते परत ठेवण्याकडे होतं. थांबा. बोट बाहेर. होल्स्टरमध्ये सदऱ्याचं टोक अडकलेलं नाही ना, पाहा. मगच ठेवा, सावकाश. परत ठेवताना घाई करायचं एकही कारण नसतं.

मग त्यांनी एक आकडा सांगितला. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले सार्जंट डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली एक लेख लिहिला. सुरी घेतलेला माणूस २१ फुटांवरून धावत अंगावर यायला किती वेळ लागतो? साधारण दीड सेकंद. सराव असलेल्यालाही पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे याला लोकांनी ‘एकवीस फुटांचा नियम’ करून टाकलं, ते मला चुकीचं वाटतं. ट्युलर यांनी वेळ मोजला होता. गोळी झाडायची परवानगी दिली नव्हती. त्यातून शिकायचं ते हे, की अंतर राखा, आडोसा शोधा, शक्य असेल तर निघून जा. बळ वापरायचं ते अंगावर आलेला धोका थांबवण्यापुरतं. समोरचा थांबला, की आपणही थांबायचं.

(दृश्य: कागदी लक्ष्यांची रांग. ती एकाएकी वळतात.)

शेवटचा सराव. प्रत्येक कागदावर माणसाचा फोटो. आपल्याकडे पाठ असलेलं लक्ष्य शिट्टी वाजताच वळतं. हातात शस्त्र असेल तर दोन गोळ्या. नसेल तर काहीच नाही.

माझं लक्ष्य वळलं. हातात काळं काहीतरी होतं. मी दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही छातीच्या मध्यावर, दिवसभरातल्या माझ्या सगळ्यात चांगल्या.

त्याच्या हातात फोन होता.

कुणी काही बोललं नाही. प्रशिक्षकांनी तो कागद उतरवला नाही; माझ्या रांगेत तसाच राहू दिला. थोड्या वेळानं एवढंच म्हणाल्या, “तुम्ही हाताकडे पाहिलंत. हातात काय आहे, ते पाहिलं नाहीत.”

(दृश्य: हातांचा क्लोजअप. बोट चापाबाहेर, पिस्तुलाच्या फ्रेमला सरळ टेकलेलं.)

मी पुन्हा उभी राहिले. नव्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या भरल्या. शिट्टी. लक्ष्य वळलं. टॉर्च. पुन्हा शिट्टी. मोकळा तळवा. पुन्हा. पाकीट. पिस्तूल पोटाजवळ, नळी खाली, बोट सरळ. प्रत्येक वेळी मोठ्यानं ओरडायचं होतं, “थांबा!” तिसऱ्या वेळी माझा आवाज नीट निघाला. चौथ्या वेळी पुन्हा फोन होता.

मॅगझिन बाहेर. स्लाइड मागे. चेंबरमधलं काडतूस तळहातावर. मग डोळ्यांनी, मग बोटानं.

टेबलावर मोजून ठेवल्या. दहाच्या दहा.