माळावरचे डोळे

(दृश्य: नान्नजचा माळ, उजाडण्यापूर्वी. फक्त वाऱ्याचा आवाज.)

जानेवारीतली पहाट. सोलापुरात रात्री उशिरापर्यंत गड्ड्याची जत्रा रंगलेली, शहर अजून झोपेत आहे. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर आलं की नान्नज लागतं आणि गावाबाहेर हा माळ सुरू होतो. मुरमाड जमीन, वाळलेलं गवत, कपड्यांना चिकटणारी कुसळं. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी इथं अभयारण्य जाहीर झालं.

पहिल्या दिवशी गाडीतून उतरलो तेव्हा आम्हाला गवताशिवाय काहीच दिसलं नाही. मग सोबतच्या वनरक्षकांनी बोट दाखवलं. शे-दीडशे पावलांवर काळविटांचा कळप उभा होता. सगळ्या माना आमच्याकडे वळलेल्या. किती वेळापासून ते आम्हाला बघत होते, कुणास ठाऊक.

त्या कळपाला आम्ही कसे दिसलो असू? पांढरी गाडी, हिरवा शर्ट, लाल टोपी, यातलं काय त्यांच्या नजरेत भरलं असेल? हा प्रश्न डोक्यात घेऊन आम्ही या भागात फिरत राहिलो.

(दृश्य: मेंढीचा डोळा, अगदी जवळून.)

काळवीट जवळ येऊ देत नाही. मेंढी येऊ देते. अभयारण्याच्या बाहेर, तूर निघालेल्या रानात धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या. त्यातल्या एकीच्या डोळ्यात नीट बघा. आपली बाहुली गोल असते. हिची आडवी आहे, गल्ल्याच्या डब्याला पैसे टाकायची फट असते तशी.

ही फट क्षितिजाला धरून असते. डावीकडून, उजवीकडून, पुढून आणि जवळजवळ मागूनही प्रकाश आत येतो. डोक्यावरच्या उन्हाची तिरीप मात्र कमी शिरते. उघड्या माळावर चरणाऱ्याला धोका येणार तो जमिनीवरून, कुठल्याही बाजूनं. त्याला आभाळापेक्षा क्षितिजाची रेघ स्पष्ट दिसायला हवी.

आता ती चरायला मान खाली घालते. इथं थोडं थांबू या.

मान खाली गेली की डोकं फिरतं, आणि डोक्याबरोबर डोळाही. मग ती आडवी फट उभी व्हायला हवी. पण बघा, तशी होत नाही. डोळा खोबणीत उलटा फिरतो आणि फट पुन्हा जमिनीला समांतर येते. डोकं गवतात असलं, तरी नजर क्षितिजावरच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हे मांडलं. जमिनीवरच्या प्राण्यांच्या २१४ जातींच्या बाहुल्या त्यांनी तपासल्या. चरणाऱ्या प्राण्यांच्या बाहुल्या बहुतेक आडव्या निघाल्या. मांजरासारख्या, जमिनीलगत दबा धरून झडप घालणाऱ्यांच्या उभ्या. लांडग्यासारख्या पाठलाग करून दमवणाऱ्यांच्या गोल. मान खाली घातल्यावर डोळा पन्नास अंशांहून जास्त फिरतो, हे त्यांना शेळ्या-मेंढ्यांचे साधे फोटो काढून कळलं. तुमच्या दारात शेळी असेल तर आज संध्याकाळी बघा. मोबाईल पुरे आहे.

(दृश्य: बेंदराची मिरवणूक. शिंगांना हिंगूळ लावलेले खिलार बैल.)

आता रंगांकडे. बेंदराला आपण बैलाची शिंगं हिंगुळानं लालभडक रंगवतो, अंगावर झूल चढवतो. ज्याच्यासाठी हा थाट, त्याला तो लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही.

आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी तीन प्रकारच्या असतात. गाय, शेळी, मेंढी यांच्याकडे दोनच. एक प्रकार निळ्याकडच्या प्रकाशाला जास्त दाद देतो, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (रंगागणिक बदलणाऱ्या प्रकाशलहरीच्या लांबीच्या) आसपास. दुसरा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला, ५५५ च्या आसपास. लाल आणि हिरव्यातला जो फरक आपल्याला ठसठशीत वाटतो, तो त्यांच्यासाठी जवळजवळ पुसला जातो. लाल बघून बैल बुजतो असं म्हणतात. तो बुजतो ते फडफडणाऱ्या कापडाला.

हे बैलाला विचारून कळत नाही, मग कळलं कसं? डोळ्यावर प्रकाश पडला की दृष्टिपटलात अतिशय सूक्ष्म वीज निर्माण होते. बुबुळावर काँटॅक्ट लेन्ससारखी, वीज टिपणारी पट्टी बसवून ती मोजता येते. एकेका रंगाचा प्रकाश लुकलुकवत डोळ्यावर टाकायचा आणि कुठल्या रंगाला डोळा किती उत्तर देतो याची नोंद करायची. संशोधक जेराल्ड जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली गाय, शेळी आणि मेंढीच्या दोन शंकूंचे आकडे अशाच मोजणीतून दिले.

आजवर तपासलेल्या बहुतेक खुरवाल्या प्राण्यांची गत हीच आहे. त्यामुळे आमच्या टोपीचा लाल रंग त्या कळपाला मळकट, गडद काहीतरी वाटला असावा. पांढरी गाडी मात्र लांबून चमकली असणार. आणि नर काळविटाकडे बघा. वरून काळा, पोटाखाली पांढरा. हा फरक ओळखायला तिसरा शंकू लागतच नाही.

(दृश्य: रात्र. मेंढ्यांचा तळ. बॅटरीचा झोत.)

रात्री धनगर बॅटरी मारून कळपाचा अंदाज घेतात. अंधारात हिरवट-पिवळे दिवे लागतात, जोडी-जोडीनं. माळाच्या कडेला एखादी जोडी वेगळी चमकली, जमिनीपासून जरा उंच आणि स्थिर, की कुत्री उठतात. लांडगा असू शकतो.

ही चमक डोळ्यातून निघत नाही. मेंढी, कुत्रा, लांडगा यांच्या दृष्टिपटलामागं आरशासारखा थर असतो. आत आलेला प्रकाश पटलातून एकदा जातो, त्या थरावर आपटून परत फिरतो आणि पेशींना त्याला पकडायची दुसरी संधी मिळते. जो उरतो तो बाहेर पडतो, तोच आपल्याला दिसतो. आपल्याकडे हा थर नाही, म्हणून आपण ठेचकाळतो.

बॅटरी कपाळाला लावून गवताकडे बघा. दवासारखे निळसर-हिरवे ठिपके चमकतील. जवळ जाऊन पाहिलं की तिथं कोळी बसलेला असतो, जाळं न विणता जमिनीवर शिकार करणारा. आठ डोळ्यांतल्या काहींमागं त्यालाही असाच आरसा आहे. ज्या माळावर पहिल्या दिवशी आम्हाला काहीच दिसलं नव्हतं, त्याच्याशेजारच्या रानात त्या रात्री हजार डोळे आमच्याकडे बघत होते.

माणूस नसताना बघायचं तर कॅमेरा ट्रॅप लावतात. हालचाल आणि उष्णता जाणवली की तो आपोआप चालू होतो आणि अवरक्त प्रकाशात फोटो घेतो. आपल्याला तो प्रकाश दिसत नाही, म्हणून जनावरालाही दिसत नसेल असं पूर्वी धरून चालत. पण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की कित्येक प्राण्यांना हे कॅमेरे ऐकू येतात आणि दिसतातही. फोटोत सरळ कॅमेऱ्यात रोखून बघणारं जनावर दिसलं, तर तो योगायोग नसेल.

(दृश्य: सूर्यफुलाचं शेत, दुपार. मधमाशी.)

सूर्यफूल आपल्याला सगळं पिवळं दिसतं. मधमाशीला लाल दिसत नाही. तिच्या वाट्याला हिरवा, निळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील हे प्रकाश आलेत. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. राखाडी रंगाच्या फिक्या-गडद पुठ्ठ्यांमध्ये एक निळा पुठ्ठा ठेवायचा आणि साखरपाणी फक्त त्याच्यावर. मधमाश्या शिकल्या. मग साखरपाणी काढलं, पुठ्ठ्यांच्या जागा बदलल्या, तरी त्या निळ्यावरच उतरल्या. लाल पुठ्ठ्याशी शिकवलं तेव्हा मात्र गडद राखाडीशी त्यांचा गोंधळ झाला. पुठ्ठा, बशी आणि साखर. आमच्या मते आजवरच्या सगळ्या उपकरणांत हे सर्वांत सुंदर आहे, कारण इथं उत्तर मधमाशीनं स्वतः दिलं.

अतिनील फोटो काढायचा तर कॅमेऱ्याच्या आतली गाळणी काढावी लागते आणि अतिनील प्रकाश आत सोडणारं भिंग लागतं. तसा फोटो काढला की सूर्यफुलाच्या पाकळ्यांची टोकं उजळ येतात आणि बुडं काळी. मधोमध नेमबाजीच्या चकतीसारखं वर्तुळ उमटतं. मधमाशीनं कुठं उतरायचं ते तिथं लिहिलेलं आहे. आपण दररोज त्याच बांधावरून जातो.

पूर्वी असे फोटो स्थिर वस्तूचेच घ्यावे लागत, एकेका गाळणीतून. २०२४ साली एका गटानं दोन कॅमेरे एकाच खोक्यात बसवले. समोरून येणारा प्रकाश आतल्या काचेनं वाटून द्यायचा, अतिनील एकाकडे, दिसणारा दुसऱ्याकडे. त्यामुळे हलत्या प्राण्याचा, उडत्या फुलपाखराचा व्हिडिओही दुसऱ्या जिवाच्या रंगांत मांडता येऊ लागला. खोकं थ्री-डी प्रिंटरवर छापता येतं आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे. सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या पोरांनी हे बनवलं तर आम्ही आनंदानं चित्रीकरणाला येऊ.

यातून मिळतं ते डोळ्यानं किती प्रकाश टिपला याचं गणित. मधमाशीच्या मनात काय उमटलं, हे त्या चित्रात नाही.

(दृश्य: पुन्हा माळ. लांबवर विजेचे मनोरे. संगीत बंद.)

आता ज्याच्या नावानं हा माळ ओळखला जातो, त्याच्याकडे.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. उभा राहिला तर मीटरभर उंच. विणीच्या काळात नर गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवतो आणि घुमतो, ते पाव मैलावरून ऐकू येतं. देशभरात आता दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला माळढोक दिसला की बातमी होते.

उघड्या माळावर राहणारा, चहूबाजूंनी बघणारा, इतक्या चांगल्या नजरेचा हा पक्षी विजेच्या तारांवर आपटून मरतो. भर दिवसा. वर्षानुवर्षं लोकांना हे कोडं होतं.

उत्तर आलं आफ्रिकेतून. कोरी नावाचा माळढोक तिकडं राहतो, आपल्या माळढोकाचा अगदी जवळचा भाऊबंद. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ या संशोधकांनी त्याचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजरेच्या टप्प्यात येणारा भाग, मोजलं, तेही त्याला न दुखवता. पक्ष्याला अलगद धरून ठेवायचं, डोकं एका वर्तुळाकार मापकाच्या मधोमध स्थिर करायचं. मग डोळे तपासायचं उपकरण घेऊन चहूबाजूंनी एकेक अंश सरकत डोळ्यात बघायचं. जिथपर्यंत दृष्टिपटलाची झळाळी दिसते, तिथपर्यंत पक्षी बघू शकतो. जिथं ती संपते, तिथून अंधार.

२०१० साली त्यांनी निष्कर्ष छापले. कोरीच्या डोक्याच्या वरच्या बाजूला मोठा आंधळा भाग आहे. डोळे बाजूंना, समोरचा पट्टा अरुंद. उडताना त्यानं मान जेमतेम २५ अंश खाली झुकवली, तर तो ज्या दिशेनं चाललाय तिकडचं त्याला काहीच दिसत नाही. पांढऱ्या करकोच्याला तेवढ्यासाठी ५५ अंश झुकावं लागतं.

आणि उडताना तो खाली बघतोच. साथीदार कुठं आहेत, उतरायला जागा कुठली, चारा कुठं, सगळं खालीच असतं. वरचा आंधळा भाग उन्हाच्या तिरपीपासून त्याला वाचवत असावा, असं ग्रॅहम मार्टिन यांचं म्हणणं. लाखो वर्षं माळावरच्या आभाळात वाटेत काही नव्हतंच. तार आली ती काल-परवा. जड अंग, वेग जास्त, ऐन वेळी वळणं जमत नाही.

म्हणून तारांवर चमकत्या, फिरत्या चकत्या बसवतात. अमेरिकेत नेब्रास्कातल्या प्लॅट नदीवर तारांकडे अतिनीलसर दिव्यांचा झोत टाकून पाहिलं, आणि रात्री आपटणाऱ्या क्रौंच पक्ष्यांची संख्या ९८ टक्क्यांनी घटली. पण मान खाली असलेल्या पक्ष्याला चकतीही दिसणार नाही. मग तार जमिनीखाली न्या, असं संशोधक म्हणतात. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकांच्या प्रदेशासाठी तसे आदेश दिले होते. २०२४ साली ते बदलून निर्णय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. तार पुरायला खर्च येतो, सूर्याची वीजही हवी आहे. हे आम्हाला कळतं. तरी वाहिनी आखतानाच कागदावर त्या पक्ष्याचा डोळा मांडला असता तर, हा विचार आम्हाला सुटत नाही.

(दृश्य: कॅमेरा उंच काठीवर. माळ, मनोरे, आडवी तार.)

शेवटच्या दिवशी आम्ही कॅमेरा काठीला बांधला आणि सरळ समोर धरला. चौकटीत वर तार आहे, खाली गवत. त्या पक्ष्याची नजर कॅमेऱ्यात येत नाही, नुसती कल्पना यावी म्हणून हे.

आता कॅमेरा २५ अंश खाली.

गवत. पायवाट. उन्हात निजलेली काळविटं.

(दृश्य: तार चौकटीबाहेर. चित्र तसंच राहतं. वाऱ्याचा आवाज.)