दक्षिणेचा पोहा

अध्यक्षांनी विषय सांगितला 'केम्पचा करार', म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, जमिनीचा व्यवहार. त्याकडे येतोच. पण आधी रताळं.

माओरी म्हटलं की आपल्याला रताळ्याचे वाफे, कोरीव लाकडी घरं आणि हाका हा नाच आठवतो. ते चित्र बरंचसं न्यूझीलंडच्या उत्तर बेटाचं. रताळं, म्हणजे त्यांचा 'कुमारा', दक्षिण बेटावर कसंबसं बँक्स द्वीपकल्पापर्यंत पिकायचं, त्याखाली थंडी. म्हणून जुनी पुस्तकं दक्षिण बेटावरच्या माओरींची, काई ताहू लोकांची, ओळख 'यांची शेती नव्हती' अशी करून देतात. हे मला फार लागतं. माणसाकडे काय नाही, यावरून त्याची ओळख करून द्यायची?

त्यांच्याकडे काय होतं, तर पोहा. हसलात ना? कांदेपोहे नव्हेत! पोहा म्हणजे समुद्री शेवाळाची पिशवी. रिमुरापा नावाचं शेवाळ, त्याचं पातं जाड आणि आतून पोकळ्यांनी भरलेलं. ते आत हात घालून सोडवायचं, फुगवायचं, वाळवायचं. मग त्यात तीती या समुद्रपक्ष्याची पिल्लं त्याच्याच चरबीत शिजवून भरायची आणि वरून चरबीचा थर देऊन तोंड बांधायचं. बाहेरून टोटाराच्या झाडाची साल, खाली हराकेके या झुडपाच्या पात्यांची टोपली. असं मांस वर्ष-वर्ष टिकायचं आणि देवघेवीत दूरवर जायचं. आपल्या आज्या बरणीत लोणचं बुडेल एवढं तेल वर ओततात. हवा आत जाऊ द्यायची नाही, ही तीच जाण.

तीती दक्षिण बेटाच्याही खाली असलेल्या रकिउरा बेटाभोवतीच्या लहान बेटांवर बिळांत अंडी घालतो. १८६४ मध्ये रकिउरा सरकारला विकलं, तेव्हा तीतीची बेटं लोकांनी राखून ठेवली. आजही वंशपरंपरेने हक्क असलेली कुटुंबं १ एप्रिल ते ३१ मे तिथे जातात. आधी दिवसा बिळात हात घालून पिल्लं काढायची, ते 'नानाओ'. मग पिल्लं रात्री बाहेर पडू लागली की उजेडात धरायची, ते 'रामा'. मुलं आजीआजोबांच्या मागून हिंडत कुठलं बीळ कोणाचं ते शिकतात. (चिठ्ठी आली. पाच मिनिटं.)

तर करार. १८४८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या वतीने केम्प या अधिकाऱ्याने काई ताहूंकडून सुमारे १ कोटी ३५ लाख एकर जमीन २,००० पौंडांना घेतली. माओरी मजकुरात 'महिंगा काई' लोकांकडेच राहतील, असं होतं. म्हणजे अन्न मिळवण्याच्या सगळ्या जागा: बाम माशांचे ओढे, पक्ष्यांची रानं, कंदांची माळरानं. सरकारने त्याचा अर्थ लावला लागवडीखालची जमीन. आणि लागवड तर फारशी नव्हतीच! राखीव म्हणून हाती पडले ६,३५९ एकर. आलं लक्षात, मी रताळ्यापासून का सुरुवात केली?

काई ताहूंचे पुढारी मातिआहा तिरामोरेहू यांनी १८४९ मध्येच तक्रार लिहिली. माओरींच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाचा अहवाल आला १९९१ मध्ये, समझोत्याचा कायदा १९९८ मध्ये. त्या कायद्याने 'नोहोआंगा' मिळाले: पाण्याकाठी सुमारे एक हेक्टरच्या जागा, वर्षात २१० दिवसांपर्यंत तळ ठोकायला, मासे धरायला, रानातलं अन्न गोळा करायला.