सोंगाकडून उसने

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात रंगभूषाकार नावाचा वेगळा माणूस नसतो. प्रत्येक नट आपला चेहरा आपल्याच हाताने रंगवतो. सिंधुदुर्गातल्या एका गावाची जत्रा आहे, देवळालगतच्या धर्मशाळेत पेटारे उघडले आहेत, आणि झाकणाला आरसा टेकवून बसलेले हे ज्येष्ठ कलावंत तळहातावर खोबरेल तेलात सफेदा कालवत आहेत. मंडळीतले सगळे त्यांना तात्या म्हणतात. आज त्यांच्याकडे विश्वामित्राचा पार्ट आहे. सफेद्यावर गुलाबी रंगाचा हात फिरतो, कपाळावर भस्माचे पट्टे उमटतात, आणि मग काजळाच्या काडीने भुवया कोरल्या जातात. डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे, हे आपल्या लक्षात येईल. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही ऋषीचा कोप दिसावा, म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली असते.

तात्यांच्या वाट्याला तरुणपणी संकासुर आला, पुढे बरीच वर्षे स्त्रीपार्ट, मग राजपार्ट आणि आता ऋषी. यांपैकी कोणत्या सोंगाचा कोणता गुण स्वतःसाठी घ्यावासा वाटतो, असे आम्ही त्यांना विचारले. दाढीची दोरी कानामागे बांधता बांधता त्यांनी दिलेली उत्तरे हाच या माहितीपटाचा विषय आहे.

पहिले नाव त्यांनी संकासुराचे घेतले. आपण जो पाहतो आहोत तो आजचा संकासुर मंडळीतला एक तरुण नट रंगवतो आहे: अंगभर काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा आणि त्यातून लोंबणारी लाल जीभ. आख्यान, म्हणजे रात्रीचे मुख्य कथानक, लागण्यापूर्वी जो आडदशावतार होतो, त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी आणि सरस्वती येऊन गेल्यावर हा वेद चोरणारा दैत्य येतो. देव आणि राजे संस्कृताळलेल्या मराठीत बोलतात, संकासुर मात्र मालवणीत बोलतो. ब्रह्मदेवाला तो वाटेल ते विचारतो, विष्णूला उलट उत्तर देतो, समोर बसलेल्या मानकऱ्यांचीही भीड ठेवत नाही, आणि त्याच्या तोंडून हे ऐकून घ्यायला सारा गाव रात्री जागा राहतो. तात्यांना त्याचा हा निर्भीडपणा हवा आहे. एरवी ते अत्यंत संकोची गृहस्थ आहेत. सरकारी कचेरीत टेबलापलीकडच्या माणसाने एकदा नाही म्हटले की दुसरा प्रश्न त्यांच्या तोंडून निघत नाही. मात्र वाडीतला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, दोन पावसाळे मोडून पडला होता, तेव्हा ग्रामसभेत ते उठले आणि संकासुराच्या ठसक्यात मालवणीतून एकामागून एक प्रश्न विचारत राहिले. त्या सभेचे चित्रण आमच्याकडे नाही. साकव मात्र नवा झाला आहे.

हरिश्चंद्राकडून काय घ्याल, या प्रश्नावर त्यांचे सत्यवचनच उत्तर येईल अशी आमची अपेक्षा होती, कारण राजपार्ट म्हटला की हरिश्चंद्राचे नाव आधी निघते. तात्यांनी ते स्पष्टपणे नाकारले. स्वप्नात दिलेले राज्य जागेपणी विश्वामित्राला देऊन टाकावे, इथपर्यंत त्यांना मान्य आहे. दक्षिणा फेडण्यासाठी तारामती आणि रोहिदासाला काशीच्या बाजारात विकणे त्यांना मान्य नाही, कारण वचन राजाने दिले आणि किंमत त्या दोघांनी मोजली. हे उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटते. ज्याने हरिश्चंद्र आणि तारामती असे दोन्ही पार्ट केले आहेत, त्यालाच त्या वचनाचा निवाडा दोन्ही बाजूंनी करता येतो. अशा नटांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे: १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेल्या अण्णा साळुंके यांनी पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. राजाकडून तात्यांना हवे आहे ते फक्त त्याचे बसणे. दशावताराच्या रंगमंचावर एक बाकडे असते. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ. त्या साध्या बाकड्यावर घाई न करता, पाठ ताठ ठेवून बसता येणे आणि समोरच्याचे बोलणे पुरे होईपर्यंत निर्णय न देणे, एवढे आपल्याला घरातही साधायला हवे होते, असे ते म्हणतात.

नारद त्यांनी क्वचित केला. त्याची भटकंती उसनी घेण्याचे कारणच नाही, कारण कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाच्या तोंडापर्यंत मंडळी रोज नव्या गावी असते.

आता येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दशावताराला लिखित संहिता नसते. संध्याकाळी मंडळीचे मालक कोणते आख्यान लावायचे ते ठरवतात, पार्ट वाटतात, कथेचे टप्पे सांगतात, आणि त्यापुढचा प्रत्येक शब्द नटाने उभ्या उभ्या रचायचा असतो. त्यासाठी लागणारी शिदोरी पांडवप्रताप, हरिविजय, रामविजय यांसारख्या पोथ्यांतून, पाठ केलेल्या पदांतून आणि पडद्याआडून जुन्या नटांना ऐकत काढलेल्या रात्रींतून जमते. पेटी, पखवाज आणि झांज वाजवणारेही नटाच्या शब्दावर नजर ठेवूनच ठेका बदलतात. म्हणजे संकासुराचा जो निर्भीड प्रश्न तात्यांना उसना घ्यावासा वाटतो, तो मुळात त्यांनीच रचलेला आहे, आणि तारामतीने काशीच्या बाजारात राजाला विचारलेले प्रश्नही त्यांचेच आहेत. अशा माणसाला नुसता नट म्हणून त्याच्या कर्तृत्वाची अर्धी नोंद करणे आम्हाला अन्यायाचे वाटते. तो प्रत्येक रात्री नवे नाटक लिहिणारा लेखक आहे. त्याचे लेखन कागदावर नसल्याने त्यावर त्याचे नाव नसते, मोबदला नाइटच्या हिशेबाने मिळतो, आणि पावसाळ्यात शेतीवर भागवावे लागते.

सगळ्यांत शेवटी ते स्त्रीपार्टाकडे वळले. लुगड्याचा काष्टा, पदर आणि पावलांची चाल हे सर्व शिकता येते. अवघड असते ते राजाचे लांबलचक भाषण चालू असताना तारामती म्हणून उभे राहणे. राजा पुढे काय बोलेल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याचा शब्द न शब्द ऐकावा लागतो, आणि आपले वाक्य त्याच्या वाक्यातूनच उचलावे लागते. तात्यांच्या मते हा गुण सर्वांत मोठा आहे आणि तो त्यांना घरासाठी हवा आहे, कारण रंगमंचावर इतके ऐकणारा माणूस घरच्यांचे बोलणे अर्ध्यावर तोडतो, हे त्यांनी आपणहून सांगितले.

हे ऐकणे म्हणजे नेमके काय, ते या प्रवेशात दिसते. उत्तररात्र झाली आहे. हरिश्चंद्र झालेला तरुण नट दक्षिणेची मुदत मागताना मध्येच अडखळतो आणि कथेचा टप्पा त्याच्या हातून निसटतो. विश्वामित्र झालेले तात्या पाऊलभर पुढे येतात, डावी भुवई तशीच उंच ठेवून कडाडतात, आणि राज्य माझे झाल्यावर आता माझ्याच भूमीवर उभा राहून तू मुदत कसली मागतोस, असा सवाल टाकतात. सवालात उत्तर दडलेले आहे. तरुणाच्या ते ध्यानात येते, शिवाच्या त्रिशूळावर वसलेली काशी कोणत्याही राजाच्या राज्यात मोडत नाही, असे तो हात जोडून सांगतो, पखवाजावर थाप पडते, आणि राजा काशीला निघतो.