दुभंगलेल्या नखांचा लेमिंग

मंडळी, आज मी एका पंजापासून सुरुवात करणार आहे. प्राणी मुठीत मावेल एवढा. उन्हाळ्यात त्याचा पुढचा पंजा बघितला तर काही विशेष वाटत नाही. थंडी लागली की मात्र मधल्या दोन बोटांच्या नखांखालची गादी वाढते, टणक होते आणि एका नखाखाली दुसरं नख फुटल्यासारखं दिसू लागतं. त्या जोडनखांनी तो घट्ट बसलेलं बर्फ खणतो. डायक्रोस्टोनिक्स या प्रजातीनामाचा अर्थच मुळी दुभंगलेलं नख.

हा ग्रीनलंडचा पट्टेवाला लेमिंग, डायक्रोस्टोनिक्स ग्रोएनलँडिकस. उंदरासारखा दिसतो, पण आपल्या घरातल्या उंदराचं कुळ वेगळं. हा हॅमस्टरच्या कुळातला. त्याचे जवळचे भाऊबंद म्हणजे व्होल, आणि ते आपल्या हिमालयातही आहेत.

१८२२ साली विल्यम स्कोर्झबी हा देवमाशांच्या शिकारीवर निघालेला कप्तान पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या जेम्सन लँडमधला हा प्राणी त्याच्याबरोबर आला आणि थॉमस ट्रेल या निसर्ग अभ्यासकांनी १८२३ मध्ये त्याचं वर्णन करून नाव दिलं. त्याच किनाऱ्यावरच्या एका बेटाला स्कोर्झबीने ट्रेल यांचं नाव दिलं. हे बेट ध्यानात ठेवा, आपण तिथे परत जाणार आहोत.

पुढे बराच काळ रशियापासून ग्रीनलंडपर्यंतचे सगळे पट्टेवाले लेमिंग एकाच जातीचे मानले जात. मग गुणसूत्रं मोजली गेली, आणि एकाच्या अकरा जाती झाल्या. नंतर त्यातल्या काही पुन्हा एकत्र करून आठ राहिल्या. ही ओढाताण मला निरर्थक वाटत नाही. अलास्काच्या अल्यूशन बेटांपैकी उनालास्का आणि उम्नाक इथला लेमिंगच घ्या. बाकीचे पट्टेवाले लेमिंग हिवाळ्यात पांढरे होतात, हा होत नाही, त्याला जोडनखंही येत नाहीत. ज्या खुणेवरून प्रजातीचं नाव पडलं ती खूणच नसलेला प्राणी, तरी प्रजात तीच. दातांची घडण बघा, गुणसूत्रं बघा, तो राहतो कुठे ते बघा; हे सगळं एकत्र ठेवल्याशिवाय निवाडा होत नाही.

राहतो कुठे, याचं उत्तर समुद्र आणि हिमनद्या देतात. सायबेरियात टॉर्क्वेटस ही जात, रशियाच्या रँगेल बेटावर विनोग्राडोव्ही, कॅनडातल्या लॅब्राडोरकडे हडसोनियस. आपला ग्रोएनलँडिकस अलास्कापासून कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समेअर बेटापर्यंत पसरलेला, आणि अरुंद सामुद्रधुनीपलीकडे ग्रीनलंडमध्येही. तिथेही तो फक्त उत्तरेला आणि ईशान्येला. ग्रीनलंडचे बहुतेक लोक पश्चिम किनाऱ्यावर राहतात. त्या किनाऱ्यावर लेमिंग नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांचंही तसंच. भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून तिथे आहे, पण तिथल्या टुंड्रावर मूळचा एकही लेमिंग नाही. चहूकडे समुद्र, चालत यायला वाटच नाही.

आता ट्रेल बेट. तिथल्या कारुपेल्व्ह दरीत १९८८ पासून लेमिंगांची मोजणी चालू आहे. मोजायचं कसं? बर्फ वितळलं की हिवाळ्यात विणलेली गवताची घरटी उघडी पडतात, ती मोजायची. एखाद्या घरट्याला आतून लेमिंगच्याच केसांचं मऊ अस्तर दिसतं. म्हणजे अर्मिन, मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी, आत शिरला, घरमालकाला खाल्लं आणि त्याच घरट्यात राहिला. ते अस्तर अर्मिनने अंथरलेलं.

पूर्वी साधारण दर चार वर्षांनी लेमिंगांचा सुकाळ व्हायचा. त्या वर्षी हिमघुबडं, कोल्हे, लांबशेपटी स्कुआ हे समुद्रपक्षी, सगळ्यांची पिल्लं जगायची. २००० च्या सुमारास हे चक्र मोडलं. नकाशावर या जातीच्या वस्तीचा पट्टा आजही पूर्वीसारखाच रंगवतात, आणि तो चुकीचा नाही, लेमिंग आहेत तिथे. पण सुकाळाची वर्षं आली नाहीत, आणि त्या दरीत हिमघुबडांची पिल्लं जवळजवळ दिसेनाशी झाली.