कुणाचं नौदल मोठं, आणि ते मोजायचं कसं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय नौदलांबद्दल. तुमच्याही मोबाइलवर ती यादी कधीतरी आली असेल, जगातली सगळ्यात मोठी नौदलं, एक नंबरला कोण, दोन नंबरला कोण, भारत कितवा, पाकिस्तान कितवा, आणि प्रत्येकाच्या नावापुढे जहाजांचा आकडा. लोक ती यादी बघतात, कुणी खूश होतं कुणी काळजीत पडतं, आणि पुढे पाठवून मोकळे होतात. मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्या आकड्यात जी जहाजं असतात त्यांच्यावर आपली पोरं असतात, आणि त्या पोरांचं बळ किती हे त्या आकड्यातून अजिबात कळत नाही.

आधी सगळ्यात गाजणारी तुलना घेऊ, अमेरिका आणि चीन. नुसती लढाऊ जहाजं आणि पाणबुड्या मोजल्या तर चीनकडे 370 च्या वर आहेत, आणि हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचाच आकडा आहे बरं का. अमेरिकेकडे 290 च्या आसपास. म्हणजे जहाजांच्या संख्येत चीन केव्हाच पुढे गेलाय. आता हीच तुलना वजनात करा, म्हणजे सगळ्या जहाजांचे टन एकत्र धरा, की अमेरिका लगेच पुढे जाते आणि चांगलीच पुढे जाते. कारण त्यांच्याकडे 11 विमानवाहू जहाजं आहेत, सगळी अणुशक्तीवर चालणारी, एकेक लाख टनाच्या घरातलं. चीनकडे तीन. पहिलं लिआओनिंग, ते मुळात सोव्हिएत काळातलं अर्धवट राहिलेलं जहाज, युक्रेनकडून विकत घेतलं आणि 2012 साली नौदलात आणलं. दुसरं शानदोंग 2019 चं. तिसरं फुजिआन, हे मात्र वेगळं प्रकरण आहे, ऐंशी हजार टनांच्या आसपासचं, आणि विमान उडवायला त्याच्यावर विद्युतचुंबकीय कॅटापल्ट आहे, म्हणजे विजेच्या चुंबकाने विमान झटक्यात पुढे फेकणारी यंत्रणा, जी आतापर्यंत फक्त अमेरिकेच्या फोर्ड या जहाजावर होती. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये फुजिआन सेवेत आलं.

पाणबुड्यांचंही तसंच. चीनकडे साठेक आहेत पण त्यातल्या बहुतेक डिझेलवर चालणाऱ्या, अमेरिकेच्या झाडून सगळ्या अणुशक्तीवरच्या. डिझेलवाली आपल्या किनाऱ्याजवळ फार धोकादायक असते, शांत असते, पण तिला हजारो मैल लांब पाठवून महिनोन्महिने दबा धरून बसवता येत नाही. म्हणजे तैवानजवळ लढाई झाली तर एक हिशोब आणि हिंदी महासागराच्या मधोमध झाली तर दुसराच हिशोब, जहाजं तीच, फक्त जागा बदलली.

आता जरा बारकाईने बघू. आजच्या विनाशिकेची, म्हणजे मोठ्या वेगवान लढाऊ जहाजाची, ताकद बरीचशी तिच्या डेकमध्ये उभ्या बसवलेल्या मिसाइलच्या नळ्यांवरून कळते, व्हर्टिकल लाँचर म्हणतात त्याला. अमेरिकेच्या अर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकेवर नव्वद-शहाण्णव, चीनच्या नव्या टाइप 055 वर 112. आपल्या मुंबईत माझगाव डॉकला बनलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकेवर बराक मिसाइलसाठी 32 आणि ब्रह्मोससाठी 16. म्हणजे सगळ्या विनाशिकाच, पण एक मोजली की तीत काय काय येतं ते वेगळं. आणि नळ्या रिकाम्या झाल्या की काय? भर समुद्रात त्या परत भरणं अजून कुणालाच रोजच्या सवयीचं झालेलं नाही, बंदरात जावं लागतं, धक्का लागतो, क्रेन लागते, आणि मुख्य म्हणजे भरायला मिसाइल शिल्लक लागतं. लाल समुद्रात 2023 च्या शेवटापासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांची ड्रोन आणि मिसाइल पाडताना अमेरिकेला हे चांगलंच जाणवलं.

पण या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न आहे जो कुणी विचारतच नाही, की यादीतलं जहाज समुद्रात जाऊ शकतं का? साधा ठोकताळा असा की तीन जहाजं असली तर एक मोहिमेवर, एक सराव करतंय, एक दुरुस्तीत. अमेरिकेची बॉइझी नावाची अणुपाणबुडी आहे, तिला मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत जागाच मिळेना, वाट बघता बघता 2017 साली तिची पाण्याखाली जायची परवानगी संपली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ती नुसती धक्क्याला बांधलेली. यादीत मात्र ती एक पाणबुडी म्हणून मोजली जात होती! रशियाचं एकुलतं एक विमानवाहू जहाज अ‍ॅडमिरल कुझनेत्सोव्ह, तेही अशीच कित्येक वर्षं दुरुस्तीत काढलेलं. आणि आपलं म्हणाल तर जुलै 2024 मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत ब्रह्मपुत्रा या फ्रिगेटला, म्हणजे विनाशिकेहून जरा लहान युद्धनौकेला, दुरुस्ती चालू असताना आग लागली, जहाज एका कुशीवर कललं आणि एक नौसैनिक गेला. लढाई नाही, शत्रू नाही, आणि एक चांगलं जहाज कामातून गेलं.

म्हणून मला वाटतं की नौदल बघायचं असेल तर आधी त्याची गोदी बघावी. ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1942 चं आहे आणि ते जरा सविस्तर सांगतो.

दुसरं महायुद्ध, पॅसिफिक महासागर, जपान विरुद्ध अमेरिका. मे महिन्यात कोरल समुद्रात लढाई झाली, तीत अमेरिकेचं यॉर्कटाउन हे विमानवाहू जहाज बॉम्ब लागून आतून फाटलं. जपान्यांना वाटलं हे बुडालं किंवा निदान कित्येक महिने तरी परत येत नाही. जपानचं शोकाकू नावाचं जहाजही त्याच लढाईत जबर जखमी झालं, आणि त्याच्या जोडीचं झुइकाकू, त्याला ओरखडाही नव्हता पण त्याची विमानं आणि वैमानिक बरेच गेलेले. आता बघा दोघांनी काय केलं. यॉर्कटाउन 27 मेला पर्ल हार्बरला पोचलं, दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता, अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल निमित्झ म्हणाले मला हे तीन दिवसांत पाहिजे. सुक्या गोदीत घेतलं, हजाराच्या वर कामगार रात्रंदिवस भिडले, जिथे नीट दुरुस्ती शक्य नव्हती तिथे पोलादाचे पत्रे ठोकले, आणि 30 मेला जहाज बाहेर पडलं, आत वेल्डिंग चालूच. तिकडे जपानने झुइकाकू घरीच ठेवलं, कारण त्यांच्या पद्धतीत ज्या जहाजाचे वैमानिक त्याच जहाजाचे, शोकाकूचे उरलेले वैमानिक झुइकाकूवर घालून पाठवावं असं काही त्यांनी केलं नाही.

4 जूनला मिडवेची लढाई. जपानकडे चार विमानवाहू जहाजं, अमेरिकेकडे दोन असायला पाहिजे होती ती तीन निघाली, आणि त्या तिसऱ्याच्या, म्हणजे यॉर्कटाउनच्याच विमानांनी सोर्‍यू बुडवलं. त्या एका दिवसात जपानच्या अकागी, कागा, सोर्‍यू, हिर्‍यू या चारही जहाजांचा निकाल लागला. यॉर्कटाउनही वाचलं नाही, ते 7 जूनला बुडालं. पण तोवर पॅसिफिकमधली बाजू फिरली होती. त्या दिवशी जपानी वैमानिक काही कमी नव्हते, उलट अनुभवाने जास्तच होते. कमी पडली ती तीन दिवसांत जहाज उभं करणारी गोदी, आणि आहेत ती माणसं एकत्र करून कामाला लावायची तयारी. पुढे अमेरिकेने एकाच एसेक्स वर्गाची 24 विमानवाहू जहाजं बांधली, जपानला त्याच्या जवळपासही जाता आलं नाही.

आता हे आठवून आजच्या चीनकडे बघा. जगात व्यापारी जहाजं जेवढ्या टनांची बांधली जातात त्यातली अर्ध्याच्या आसपास आज चीनमध्ये बनतात, आणि अमेरिकेचा वाटा एक टक्क्याच्याही खाली आहे. 1942 साली जी गोष्ट अमेरिकेच्या बाजूने होती ती आज चीनच्या बाजूने आहे. 370 विरुद्ध 290 ह्यापेक्षा मला ह्याची जास्त चिंता वाटते, कारण पहिल्या आठवड्यात किती जहाजं आहेत हे यादी सांगते पण सहाव्या महिन्यात किती उरतील ते गोदी सांगते.

बरं, आपल्याकडे येऊ. 1971. आपल्या नौदलाकडे सोव्हिएत रशियाकडून नुकत्याच आलेल्या ओसा जातीच्या मिसाइल बोटी होत्या, दोनशे-सव्वादोनशे टनांच्या, स्वतःच्या बंदराचं रक्षण करायला बनवलेल्या. त्यांचा पल्ला कमी, कराचीपर्यंत जाऊन मारा करून परत यायचं म्हणजे इंधनाचा प्रश्न. तर आपल्या लोकांनी त्या दुसऱ्या जहाजांना बांधून ओढत नेल्या, म्हणजे इंधन वाचेल. 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी, सोबत किल्तान आणि कच्छाल ही जरा मोठी जहाजं, कराचीवर गेल्या, पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडवली, सुरुंग काढणारं मुहाफिज बुडवलं, आणि आपलं एकही जहाज न गमावता परत आल्या. चार दिवसांनी विनाश ही बोट त्रिशूल आणि तलवार या युद्धनौकांबरोबर पुन्हा गेली. आपण दरवर्षी 4 डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो ह्याच रात्रीसाठी. ह्या बोटी टनांच्या यादीत टाकल्या असत्या तर कुणी त्यांच्याकडे बघितलंही नसतं.

पण त्याच युद्धातली दुसरी रात्र पण सांगितली पाहिजे, ती न सांगता पुढे जाणं मला पटत नाही. 9 डिसेंबर. समुद्रावर वर्चस्व आपलं, पाकिस्तानची जहाजं बंदराबाहेर पडायला तयार नाहीत, आणि दीवच्या जवळ त्यांची हँगोर नावाची एकच फ्रेंच बनावटीची पाणबुडी दबा धरून बसलेली. तिने खुकरी ही आपली फ्रिगेट बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, जहाज सोडायला त्यांनी नकार दिला. दीवला त्यांचं स्मारक आहे, गेलात तर नक्की बघा, थोडा वेळ थांबा तिथे. आपलं नौदल तेव्हा संख्येने, वजनाने, सगळ्याच हिशोबाने मोठं होतं, आणि तरी पाण्याखालच्या एका पाणबुडीला शोधायला आपल्याकडे पुरेशी साधनं नव्हती.

हे आत्ता का सांगतोय, तर पाकिस्तान चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेतोय, चार चीनमध्ये बांधायच्या आणि चार कराचीत, आणि त्या वर्गाचं नाव त्यांनी ठेवलंय हँगोर. पहिली एप्रिल 2024 मध्ये वुहानला पाण्यात उतरली. ह्या पाणबुड्यांवर एआयपी नावाची यंत्रणा आहे, म्हणजे बॅटरी चार्ज करायला सारखं वर यावं लागत नाही, जास्त दिवस खाली राहता येतं. आपल्या माझगाव डॉकच्या सहा कलवरी वर्गाच्या पाणबुड्या उत्तम आहेत, शेवटची वागशीर जानेवारी 2025 मध्ये सूरत आणि निलगिरीबरोबर एकाच दिवशी मुंबईत सेवेत आली, पण त्या सहाही एआयपीशिवायच सेवेत आल्या. अशा वेळी आपल्याकडे दोन विमानवाहू आणि त्यांच्याकडे एकही नाही ही तुलना किती कामाची? विक्रांत 2022 साली कोचीत आपण स्वतः बांधून सेवेत आणली ह्याचा मला मनापासून अभिमान आहे, पण तिच्या आसपास पाण्याखाली कोण आहे हे कळलं नाही तर तिला किनाऱ्यापासून लांबच थांबावं लागेल.

भूगोल मात्र आपल्या बाजूने आहे. चीनच्या जहाजांना इकडे यायचं तर मलाक्का किंवा इंडोनेशियातल्या चिंचोळ्या वाटांमधून यावं लागतं, आणि त्या वाटेच्या तोंडाशी आपलं अंदमान-निकोबार. चीनचा जिबूतीला 2017 पासून तळ आहे खरा, पण एवढ्या लांब एका तळावर युद्ध चालवणं अवघड. आपली जहाजं इथलीच. मार्च 2024 मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेलं रूएन नावाचं मालवाहू जहाज कोलकाता या आपल्या विनाशिकेने चाळीस तास पाठलाग करून थांबवलं, सी-17 विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले, 35 चाचे शरण आले आणि 17 खलाशी सुखरूप सुटले, तेही आपल्या किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरवर. लांब जाऊन, विमान आणि जहाज जुळवून, नेमक्या वेळी काम करणं, ह्याला मी ताकद म्हणतो.

म्हणून पुढच्या वेळी संसदेत किंवा पेपरात नौदलाची बातमी आली की जहाजांच्या आकड्यावर थांबू नका, त्या जहाजांवर हेलिकॉप्टर आहे का ते बघा. वर्षानुवर्षं आपल्या नव्याकोऱ्या युद्धनौका हँगर रिकामं ठेवून फिरत होत्या किंवा जुन्या सी किंगवर भागवत होत्या, आणि पाणबुडी शोधायला हेलिकॉप्टरसारखी दुसरी गोष्ट नाही. 24 एमएच-60 रोमिओ हेलिकॉप्टरांची ऑर्डर 2020 साली गेली, पहिली तुकडी मार्च 2024 मध्ये कोचीला उभी राहिली, दुसरी डिसेंबर 2025 मध्ये गोव्यात दाबोळीला हंसा तळावर. पाणबुड्या शोधणारी लांब पल्ल्याची पी-8 आय विमानं आपल्याकडे 12 आहेत, त्यातली आठ तमिळनाडूत अरक्कोणमला आणि चार दाबोळीला. एवढ्या मोठ्या समुद्राला बारा कमी पडतात, आणि समोरून आठ पाणबुड्या येणार आहेत. ही विमानं वाढवा, ही हेलिकॉप्टरं प्रत्येक जहाजावर पोचवा, आणि मुंबईतल्या गोदीत दुरुस्तीला लागणारा वेळ कमी करा, ही मागणी आपण सामान्य माणसांनी पण करायला पाहिजे, आपल्या खासदाराला पत्र लिहून करायला पाहिजे. खुकरीवर जे 194 जण गेले ते आपल्याच घरांतले होते.

नमस्कार.